प्रतिपालक : लेकराचे विश्वस्त
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. ‘विश्वस्त’ या शब्दाचा अर्थ या सभागृहात कोणालाही समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. विश्वस्ताच्या हाती तिजोरीची किल्ली असते, पण तिजोरीतील एक रुपयाही त्याचा नसतो. तो मिळकत सांभाळतो, तिची वृद्धी करतो, दरवर्षी तपासलेला हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करतो आणि वेळ आली की किल्ली पुढच्याच्या हाती देऊन बाजूला होतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हे कर्तव्य कलमांत बांधले. आपल्या परंपरेने त्याच्या कितीतरी आधी ते अपरिग्रहाच्या व्रतातून शिकवले. आज ज्या विषयाकडे समाजाचे लक्ष वेधावयाचे आहे, तो याच शब्दाशी निगडित आहे. फरक इतकाच, की येथे ठेव म्हणून हाती येते ते एक जिवंत लेकरू असते. त्या ठेवीला प्रतिपालकत्व म्हणतात. व्यवहारात ‘फॉस्टर केअर’ हा शब्द रूढ आहे.

दत्तकविधान सर्वांना परिचित आहे. दत्तक गेलेल्या मुलाचे नाव आणि वारसाहक्क बदलतात, पूर्वीच्या घराशी असलेले कायदेशीर नाते संपते. प्रतिपालकत्वात यांपैकी काहीही घडत नाही. आईवडील हयात आहेत, परंतु दीर्घ आजार, तुरुंगवास, व्यसन किंवा अन्य संकटामुळे मुलाला सांभाळण्यास तूर्त असमर्थ आहेत. अशा मुलाला दुसऱ्या कुटुंबाने काही काळ आपल्या घरी वाढवावयाचे, त्याचे शिक्षण, आरोग्य आणि पोषण यांची जबाबदारी घ्यावयाची, आणि जन्मघर पुन्हा उभे राहिले की मूल सन्मानाने परत पाठवावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये याची तरतूद आहे. मूल कोणाच्या घरी ठेवावयाचे हे बालकल्याण समिती आदेशाने ठरवते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, असे कायदा सांगतो. समितीने दर महिन्याला पाहणी करावी, असेही सांगतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जन्मदात्या पालकांना ठरावीक अंतराने मुलाला भेटता यावे, भेट मुलाच्या हिताची नसेल तर समितीने तशी कारणे लेखी नोंदवावीत, आणि पालक पुन्हा सक्षम ठरल्यास मूल त्यांच्याकडे जाऊ शकावे, हे सर्व त्याच कलमात आहे. म्हणजेच जन्मदात्यांची जागा कायद्याने पुसलेली नाही, राखून ठेवलेली आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. उल्हासनगर हे शहरच मुळी घर हरवलेल्या माणसांनी वसवले. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही आपण पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर’ सांगतो. पुढे अंबरनाथचे कारखाने, उल्हासनगरचा कापड बाजार व जीन्सचे शिलाईकाम, बदलापूरची औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने दूरदूरहून कुटुंबे येथे आली. त्यांची आत्या, मावशी, आजी गावाकडेच राहिली. पूर्वी आई आजारी पडली की मूल शेजारच्या ओसरीवर किंवा मामाच्या घरी वाढत असे. आता दहा बाय दहाच्या खोलीतील आई अंथरुणाला खिळली, की मुलासाठी उघडे असे दुसरे दार बहुधा नसते. शेवटचे दार बालगृहाचे. शासकीय बालगृह उल्हासनगरातच आहे. आपल्यापैकी अनेकांनी तेथे मिठाई, वह्या, कपडे दिले असतील. ते दान स्तुत्यच आहे. परंतु बालगृहातील मुलाला संध्याकाळी मिळत नाही अशी एक गोष्ट असते : आपली वाट पाहणारे एखादे माणूस.

येथे संस्थांचे महत्त्व कमी लेखण्याचा हेतू नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा भारतीय जैन संघटनेचे श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था झाली. एका रात्रीत गावेच्या गावे कोसळतात, त्या वेळी अशाच मोठ्या छत्राची आवश्यकता असते. परंतु भूकंप नेहमी जमिनीतच होतो असे नाही. एखाद्या चाळीतील एकाच खोलीत तो होतो, त्याची बातमी येत नाही. तेथील एका मुलाला हजारांच्या छत्रापेक्षा एका घराची गरज अधिक असते. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, हे तत्त्व २०१५ च्या कायद्यातही नमूद आहे.

पर्युषणात अनेक स्थानकांत अंतगड सूत्राचे वाचन होते. त्यातील देवकीमातेची कथा येथे बसलेल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. देवकीचे सहा पुत्र भद्दिलपूरच्या नाग गाथापतीच्या घरी, सुलसेच्या मायेत वाढले. पुढे भगवान अरिष्टनेमींकडे दीक्षा घेऊन ते द्वारकेत आले आणि दोन-दोनच्या तीन जोड्यांनी देवकीच्याच दारी गोचरीस आले. एकसारखे रूप पाहून तीच साधू मंडळी पुन्हा पुन्हा येत आहेत की काय, असा तिला प्रश्न पडला. सत्य कळले तेव्हा मातेचा पान्हा फुटला. या कथेतून वैराग्याचा बोध घेतला जातो, तो योग्यच आहे. पण सुलसेच्या बाजूनेही ती एकदा ऐकावी. तिने वाढवले त्यात काही उणे नव्हते. देवकीच्या मातृत्वातही काही उणे नव्हते. दुःख उत्पन्न झाले ते दोन घरांमध्ये उभ्या असलेल्या अज्ञानाच्या भिंतीमुळे. आजच्या प्रतिपालकत्वाचा सारा प्रयत्न ही भिंत उभीच राहू नये यासाठी आहे. मुलाला जन्मदाती ठाऊक असावी, जन्मदातीला मूल कोठे आणि कसे आहे हे ठाऊक असावे, आणि वाढवणाऱ्या आईला या दोन्ही गोष्टींचे भय वाटू नये.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पून पाहू. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सचे धागे कापून पोट भरणारी एक स्त्री आहे. पती दारूच्या आहारी जाऊन परागंदा झालेला. तिला क्षयाचा विकार जडतो, रुग्णालयात राहावे लागते. आठ वर्षांची मुलगी शेजाऱ्यांकडे किती दिवस राहणार? प्रकरण समितीपुढे येते आणि मुलगी बदलापूरच्या एका कुटुंबाकडे सोपवली जाते. उल्हासनगरहून अंबरनाथ ओलांडले की बदलापूर, गाडीने केवळ दोन स्थानके. पण त्या मुलीसाठी ते दुसरे जग असते. पहिल्या रात्री ती जेवत नाही. दुसऱ्या दिवशी पोळी लपवून उशीखाली ठेवते. आठव्या दिवशी विचारते, ‘माझी आई मेली का?’

या प्रश्नाला प्रतिपालक काय उत्तर देतात, यावर पुढील सर्व काही अवलंबून असते. ‘आता आम्हीच तुझे आईबाबा’ हे उत्तर प्रेमळ वाटते, परंतु त्याने मुलीच्या मनात आईच्या मृत्यूची शंका पक्की होते. ‘तुझी आई औषधे घेत आहे, रविवारी ताई आल्या की त्यांना विचारून तिला भेटू, तोवर तू आमच्याकडे आहेस’ हे उत्तर साधे आहे आणि खरे आहे. मुलाला सत्य पेलते. त्याला न पेलणारी गोष्ट म्हणजे मोठ्यांची कुजबुज.

आता त्या आईकडे पाहावे. ती प्रथम भेटीस येते तेव्हा तिच्या मनात कृतज्ञता असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तेथे बहुधा लाज असते, आणि लाजेच्या पोटी राग. मुलीच्या अंगावरील नवा फ्रॉक, वेणीतील रिबन, हातातील रंगपेटी पाहून तिला आनंद होतो आणि त्याच क्षणी आपण हे देऊ शकलो नाही हेही टोचते. ती एखादा बोचरा शब्द बोलेल, उशिरा येईल, कदाचित एखाद्या भेटीस येणारच नाही. अशा वेळी प्रतिपालक मातेने तिला विचारावे, ‘ताई, हिला रात्री झोप लागत नाही, तुम्ही काय करत होता?’ तो प्रश्न शंभर उपदेशांपेक्षा मोलाचा आहे. त्यात तिच्या मातृत्वाची कबुली आहे. कदाचित ती सांगेल की डोक्याला तेल चोळून एक गाणे म्हणावे लागते. त्या रात्री बदलापूरच्या घरात तेच गाणे म्हटले गेले, तर दोन घरे खऱ्या अर्थाने जोडली गेली.

जन्मदात्या कुटुंबाबरोबर काम करणे म्हणजे अशाच लहान गोष्टी सातत्याने पाळणे होय. मुलापुढे त्याच्या आईबापांविषयी वाईट शब्द काढू नये. बाप व्यसनी असला तरी मुलाच्या रक्तात तो आहे, आणि बापाची निंदा मूल स्वतःवर ओढून घेते. मुलाचे नाव बदलू नये, घरात हाक मारण्यासाठीसुद्धा. आईचे छायाचित्र असल्यास ते मुलाच्या उशाशी राहू द्यावे. शाळेचे प्रगतिपुस्तक आईलाही दाखवावे. भेटीला येताना आई दोन रुपयांचे बिस्किट आणील, त्याच वेळी तिच्यासमोर महागडी भेटवस्तू मुलाच्या हाती देण्याचा मोह टाळावा. भेटीनंतर मूल दोन दिवस रुसेल, भांडेल, अंथरूण ओले करील. यावरून ‘भेटीने मूल बिघडते’ असा निष्कर्ष घाईने काढू नये. ते रडणे नाते जिवंत असल्याची खूण आहे. रोजकीर्दीप्रमाणे एक वही ठेवावी : उंची, वजन, औषधे, शाळा, पडलेला दात, शिकलेली कविता. मूल परत जाईल तेव्हा ती वही त्याच्याबरोबर जावी, म्हणजे त्याच्या आयुष्यातील ती वर्षे कोरी राहणार नाहीत.

काही मर्यादाही सांभाळाव्या लागतात. मुलाच्या वडिलांना हातउसने पैसे देण्याचा व्यवहार सुरू करू नये. मदत लागत असल्यास ती समाजकार्यकर्त्याच्या मार्फत व्हावी. ‘तू कायम येथेच राहशील’ किंवा ‘पुढच्या महिन्यात घरी जाशील’ अशी वचने मुलाला देऊ नयेत. आणि जेथे मुलाला मारहाण किंवा अत्याचार झालेला आहे, तेथे भेट व्हावी की नाही, कोणाच्या देखरेखीखाली व्हावी, हे समितीच ठरवील. सहकार्य म्हणजे आंधळा विश्वास नव्हे. जे घर मुलाला धोक्याचे आहे तेथे मूल परत पाठवावे, असे कोणताही कायदा सांगत नाही.

आपल्या समाजात एक प्रश्न हमखास उपस्थित होतो, त्याला बगल देणे योग्य नाही. मूल मांसाहारी घरातील असेल तर? आपल्या घरात कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर भोजन नाही. आठ वर्षांच्या मुलीने एका दिवसात हे कसे स्वीकारावे? घराचा आहार घराचा राहील, हे तिला समजावता येते. मुले यजमानाच्या घरची रीत आश्चर्यकारक सहजतेने शिकतात. परंतु वाढत्या वयाच्या मुलाला रात्री भूक लागली तर व्रताच्या नावाखाली उपाशी ठेवता येणार नाही. व्रत हे घेणाऱ्याचे असते, लादलेल्याचे नसते. ती आपल्या आईच्या घरी जाऊन काय खाऊन आली याची चौकशी करू नये आणि तिच्या मनात स्वतःच्या घराविषयी घृणा निर्माण करू नये. तिचा धर्म, तिचे सण, तिची भाषा ही तिची मिळकत आहे. विश्वस्ताने तिच्यात फेरफार करावयाचा नसतो. अनेकांतवादाचा अभिमान बाळगणाऱ्यांना दोन घरांची सत्ये एका लेकराच्या मनात नांदू देणे अवघड वाटू नये. ज्या कुटुंबाला हे अवघड वाटते, त्यांनी तसे प्रारंभीच सांगावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरा प्रश्न याहून गहन आहे : ‘जीव लावायचा आणि मग परत द्यायचे, हे कसे सोसावे?’ याचे सोपे उत्तर नाही, आणि दुःख होणारच नाही असे सांगणे असत्य ठरेल. मूल गेल्यावर घरातील एक ताट कमी होते, एक दप्तर खुंटीवरून जाते, स्वतःची मुलेही हिरमुसतात. परंतु जे प्रतिपालक हे दुःख टाळण्यासाठी जीवच लावत नाहीत, त्यांच्या घरी मूल पाहुण्यासारखे राहते. आणि जे दुःख टाळण्यासाठी मूल सोडत नाहीत, ते दुसऱ्या आईचे दुःख वाढवतात. वाढत्या अंगाचा कपडा शिवताना शिंपी आत कापड राखून ठेवतो, ते आज दिसत नाही, पण पुढे उपयोगी पडते. तशीच परतीची जागा पहिल्या दिवसापासून मनात राखून ठेवावी लागते. परत पाठवणीही एका दिवसात करू नये. आधी दुपार, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, मग सुट्टी, अशी पायरीपायरीने व्हावी. आणि दोन घरांत खरोखर सलोखा झाला असेल, तर नाते तुटत नाही. रक्षाबंधनाला, परीक्षेच्या निकालाला, आईच्या आजारपणात ते मूल बदलापूरच्या काकूंकडेच धाव घेते.

प्रत्येक मूल परत जातेच असे नाही. काही पालक सावरत नाहीत. अशा वेळी समिती मुदत वाढवू शकते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रतिपालकांना दत्तकासाठी पाच वर्षे थांबावे लागे. २०२४ च्या सुधारित सूचनांनी ती मुदत दोन वर्षे केली, अर्थात मूल कायद्याने दत्तकमुक्त झालेले असेल तरच. याच सूचनांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली; मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी सोपवली जात नाही. दांपत्याच्या बाबतीत किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन अपेक्षित आहे. तरीही दत्तकाचा जवळचा रस्ता म्हणून कोणी या दारातून येऊ नये. मनात ‘आपले करून घेणे’ असेल, तर जन्मदातीची प्रत्येक भेट शत्रूची चाल वाटू लागते.

प्रत्यक्ष कार्यपद्धती अशी. इच्छुक कुटुंबाने जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधावा. घराची, उत्पन्नाची, आरोग्याची चौकशी होते, घरातील प्रत्येकाशी बोलले जाते, पोलीस पडताळणी होते. प्रतिष्ठित कुटुंबांना ही तपासणी अपमानास्पद वाटण्याचा संभव आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात एका शाळेतील बालिकांवरील अत्याचाराने सारे शहर रस्त्यावर आले होते, हे आठवावे. मुलांच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी व्हावी अशी मागणी आपणच केली होती. ती आपल्यालाही लागू आहे. मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्वातील मुलासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. ती रक्कम मुलाची असते आणि तिचा हिशेब मुलाच्या नावे राहावा. ओळखीतून, परस्पर, कागदावाचून मूल घरी आणण्याचा प्रघात मात्र कटाक्षाने टाळावा. अनाथ किंवा परित्यक्त मूल प्रक्रियेविना दत्तक म्हणून देणे-घेणे हा कलम ८० खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तसेच अशा मुलाचे नाव वा छायाचित्र वृत्तपत्रातून किंवा अन्य माध्यमातून प्रसिद्ध करणे कलम ७४ खाली दंडनीय आहे. सत्काराच्या फलकावर, स्मरणिकेत किंवा मोबाईलवरील समूहात त्या लेकराचा चेहरा येता कामा नये. गुप्तदानाची महती आपल्याला नव्याने शिकावयाची नाही.

प्रत्येक घराला प्रतिपालक होणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु त्याआधीचे एक काम प्रत्येकाला शक्य आहे : मूल घराबाहेर पडण्याची वेळच येऊ न देणे. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून दरमहा २२५० रुपये मिळतात. एकल पालकाची, दुर्धर आजाराने ग्रस्त पालकांची मुले तिच्या कक्षेत येतात. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने प्रत्येकी पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. योजना आहेत, पण मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, बँकेचे खाते ही कागदपत्रे जमवताना रोजंदारी बुडते आणि अर्ज अर्धवट राहतो. हिशेबाची सवय असलेल्या या समाजात निवृत्त लेखापाल, कर सल्लागार, बँक कर्मचारी पुष्कळ आहेत. आठवड्यातून एक सायंकाळ त्यांनी अशा अर्जांसाठी दिली, तर एखादी आई आपले मूल आपल्या जवळच ठेवू शकेल. ज्या प्रतिपालकाची गरजच भासली नाही, तो प्रतिपालक सर्वांत यशस्वी म्हणावा.

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने दोन संकल्प करावेत, ही नम्र सूचना. पहिला, अर्जसाहाय्याची ही सायंकाळ नियमित सुरू करावी. दुसरा, तिन्ही गावांतून प्रतिपालकत्वाचा गांभीर्याने विचार करणारी पाच कुटुंबे पुढे यावीत आणि त्यांच्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षातील अधिकाऱ्यांना येथेच निमंत्रित करावे. पाच ही संख्या लहान आहे. पण ज्या मुलीने उशीखाली पोळी लपवली आहे, तिच्यासाठी एकच घर पुरेसे असते. आणि ते घर तिच्या आईचेही स्वागत करणारे असेल, तर तिला दोन घरांतून एकाची निवड करावी लागत नाही.